फ्लायव्हीलवरची पांढरी रेघ

पलासियाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या काकूंमुळे मी आज इंदुरात आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे इंजिन, पेट्रोल, पिस्टन असलंच येत राहील आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा यंत्राची गोष्ट सांगतोय. यंत्र आहेच. पण त्या दिवशी काकू गप्प राहिल्या असत्या, तर माझ्या मालकांनी, भियांनी, मला गावच्या गाडीत बसवून दिलं असतं आणि पुन्हा कुणी माझ्या हातात पाना दिला नसता.

माझी शाळा नववीत सुटली. आमचं गाव खाडीवर. मामाची मासेमारीची होडी होती, तिचं इंजिन मी सांभाळायचो. पुढे मामाने होडी विकली आणि मी रिकामा झालो. गावातला एक ट्रक चालवणारा मला इंदुराला घेऊन आला. सिमरोलच्या रस्त्यावर जुन्या मोटारी आणि जिपा दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे, तिथे त्याने मला सोडलं. मालकाला सगळे भिया म्हणतात, मीही म्हणतो. वर्कशॉपच्या मागे पत्र्याची खोली मिळाली. आई फोनवर रोज विचारायची, "बरो आसस मा? जेवलंस काय?" मी रोज म्हणायचो, "बरो आसय." बरा असायचोच असं नाही. इथे कुणीही माझं गाव विचारून झालं की हसून म्हणायचं, "अरे, समुद्र सोडून इथे? इथे तर नळाला पण एक दिवसाआड पाणी." मीही हसायचो. पण हातून काही बिघडलं तर आपल्याकडून बोलणारं इथे कुणी नाही, ही धाकधूक पाना उचलताना रोज असायची.

तर एका दुपारी एक काका वर्कशॉपमध्ये आले. बँकेतून रिटायर झालेले, मराठी माणूस. त्यांचं घराणं इथल्या दरबारातलं. त्यांच्या आजोबांकडे दरबारच्या मोटारींचा कारभार होता, आणि संस्थान गेलं तेव्हा तलावावर फिरायची एक लाकडी होडी त्यांच्याकडे आली. पेट्रोलवर चालणारं इंजिन आत बसवलेली. होडी अजून घरी होती, बंगल्याशेजारच्या मोटारखान्यात लाकडी घोड्यांवर चढवलेली. काकांच्या लहानपणानंतर इंजिन कधी चालू झालं नव्हतं. दरवर्षी खंडेनवमीला त्याची पूजा मात्र होत असे. घरातली एक तलवार, काकांचं पेन, मुलाचा लॅपटॉप आणि हे इंजिन.

"ह्या खंडेनवमीला ते चालू झालेलं मला ऐकायचं आहे," काका भियांना म्हणाले. "बस, एवढंच."

भियांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अपने पास समंदर का आदमी है, काकाजी. टेन्शन मत लो."

समुद्रावरचा होतो हे खरं. पण मामाचं इंजिन डिझेलचं. त्याला ना कार्बोरेटर, ना प्लग. हे मी भियांना हळूच सांगितलं तर ते म्हणाले, "तो यहाँ जीप के कार्बोरेटर कौन खोलता है, मैं?" तेही बरोबर होतं.

मोटारखाना बंगल्याच्या कडेला आहे. दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासच्या इमारती उभ्या राहिल्यात, त्यांच्या पाट्यांवरच्या फोटोंतली पहिली आलेली मुलं वरून आपल्याकडे बघत असतात. मोटारखान्यात शिरलं की समोर ती होडी. अरुंद, लांबट, शिसवीसारख्या रंगाची. मधली फळी उचलली की खाली चार सिलिंडरचं इंजिन. गंजलेलं असेल असं मी धरून चाललो होतो. हँडल लावून फिरवलं तर ते लोण्यासारखं फिरलं. मला आश्चर्य वाटलं, पण का, हे मी कुणाला विचारलं नाही. बंद पडलेलं यंत्र मोकळं फिरतं म्हणजे त्याला कुणीतरी फिरवतंय, एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं.

पहिला बिघाड मला लवकर सापडला, आणि तिथूनच माझी दिशा चुकली. कार्बोरेटरच्या आत एक छोटी वाटी असते. वाटी पेट्रोलने भरली की तिच्यातला तरंगता तुकडा, म्हणजे फ्लोट, वर येऊन पेट्रोल थांबवतो. ह्याचा फ्लोट बुचाच्या लाकडाचा होता, वरून लाखेचं पॉलिश. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलेलं असतं, त्याने लाख विरघळली. बूच पेट्रोल पिऊन जड झालं आणि तळाशी बसलं. पेट्रोल थांबेना, बाहेर ठिबकायला लागलं. मी एका जुन्या जिपेतला पितळी फ्लोट घासून, वाकवून त्यात बसवला. पेट्रोल थांबलं. हँडल मारलं आणि इंजिन धडधडलं, चार-पाच श्वास घेऊन बंद पडलं. काका दारात उभे होते. चष्मा काढून नुसता पुसत राहिले.

त्या चार-पाच श्वासांनी माझं नुकसान केलं. त्यानंतर इंजिन चालू व्हायचं ते अडखळत, आणि वेग वाढवायला गेलं की कार्बोरेटरच्या तोंडातून "फट्" करून उलटा भडका यायचा. मी कार्बोरेटर पुन्हा खोलला. जेट म्हणजे आतली बारीक भोकं, ती तारेने साफ केली. गॅस्केट नवीन कापलं. हवा कुठून शिरते का म्हणून जोडांवर साबणाचं पाणी लावून पाहिलं. पुन्हा बसवायचं, पुन्हा फट्. एकदा जिथे उंदीर सापडला तिथेच माणूस पुन्हा पुन्हा काठी घालतो, तसं माझं झालं होतं.

काकांचा मुलगा, त्याला मी दादा म्हणायचो, ऑफिसमधून आला की मोटारखान्यात डोकवायचा. "काय मास्टर, आज पण पॉपकॉर्न?" म्हणायचा. कधी प्रेमाने, कधी नाही. "सिंपल सी बात आहे यार, यूट्यूबवर बघून घे ना." मी बघितलंही होतं. तिथे सगळ्यांचं इंजिन पहिल्या हिसक्यात चालू होतं.

टायमिंगकडे मी वळलो नाही, कारण टायमिंग मी सुरुवातीलाच लावलं होतं आणि त्याबद्दल मला खात्री होती. टायमिंग म्हणजे ठिणगी कधी पडावी ते. पिस्टन वर चढून जवळजवळ टोकाला आला की ठिणगी पडायला हवी. आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला ती खालीच ढकलते. ती वेळ दाखवायला इंजिनाच्या पुढच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, एक खूण असते; ती इंजिनाच्या अंगावरच्या काट्यापाशी आली की ठिणगीची वेळ झाली. कुठल्यातरी जुन्या मेकॅनिकने प्लगच्या तारा आणि ठिणगी वाटणारा डबा काढून ठेवलेला होता, त्यामुळे सगळं मलाच नव्याने जुळवायचं होतं. फ्लायव्हीलवर मला एक सरळ पांढरी रेघ दिसली. ऑइल पेंटची, ठसठशीत. खूण सापडली की प्रत्येक मेकॅनिक तिच्यावर खडू किंवा पांढरा रंग मारून ठेवतो, पुढच्याला दिसावी म्हणून. मला वाटलं, दरबारातल्या कुणा उस्तादाने आपल्यासाठी ठेवलीय. मी त्या रेघेला मनातल्या मनात नमस्कार केला आणि ठिणगी तिच्यावर बसवली.

खंडेनवमी जवळ आली. दादा एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन बूट न काढताच मोटारखान्यात आला आणि म्हणाला, "मास्टर, आज मी मारतो हँडल. तुझ्या हाताला यश नाही." मी त्याला म्हटलं, सांभाळून, झटका देतं कधीकधी. त्याने हँडल मुठीत धरलं, अंगठा पलीकडून गुंडाळून, क्रिकेटची बॅट धरतात तसं. खालून वर ओढलं. इंजिन पेटलं, पण उलटं. हँडल त्याच्या हातातून मागे फिरलं आणि मनगटावर बसलं. तो खालीच बसला, हात मांडीवर ठेवून, आणि हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मनगटाचं हाड मोडलं होतं. उजवा हात, प्लास्टर. दादाचं सगळं काम कॉम्प्युटरवरचं. काका त्यानंतर माझ्याकडे बघेनासे झाले. दादाच एकदा फोनवर कुणाला सांगताना ऐकू आला, "कोकणातून इम्पोर्ट केलाय मेकॅनिक. होडी बुडवायला पाणी पण लागत नाही त्याला."

भिया दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "देख भई," ते म्हणाले, "काकाजी पुराने आदमी हैं. पूरे शहर में बात जाएगी. कल वहाँ से औज़ार उठा ला, इंजन बंद कर के आ. फिर मैं तुझे गाड़ी में बिठा देता हूँ. घर जा थोड़े दिन." थोडे दिवस म्हणजे काय ते मला कळलं. गावी घर होतं, काम नव्हतं. आणि मी नुसता परत गेलो नसतो. एका माणसाचा हात मोडून परत आलेला, असा गेलो असतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे, काय चुकलं ते मलाच माहीत नव्हतं. मी खरंच इंजिनातलं काही जाणतो की नाही, हेच मला कळेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं उचलायला गेलो. काका आणि दादा डॉक्टरकडे गेले होते. मी कार्बोरेटरच्या तोंडात चिंधी कोंबली, पाने पुसून पिशवीत भरले. जाताना निदान स्वच्छ ठेवावं म्हणून रॉकेलचा बोळा घेऊन फ्लायव्हील पुसायला लागलो. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. काकू मोटारखान्यात फारशा येत नसत. कप फळीवर ठेवता ठेवता त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"ती रेघ नको पुसू हं."

"नाही पुसत, काकू. टायमिंगची आहे ती."

"टायमिंगची नाही रे. माझी आहे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "तुमची म्हणजे?"

"मीच ओढली आहे." त्या सहज सांगायला लागल्या. "मामंजींचा नियम होता, खंडेनवमीला नुसतं हळदकुंकू वाहायचं नाही. शस्त्र म्यानातून काढतो, तसं यंत्र पण फिरवायचं. एक पूर्ण फेरा. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. वरचे ते चार प्लग काढायचे, भोकात चमचा-चमचा तेल सोडायचं आणि हँडलनं फिरवायचं. पण फेरा पूर्ण झाला की नाही, ते कसं कळायचं? म्हणून पहिल्यांदा कुंकवाची रेघ ओढली. ती दरवर्षी पुसून जायची. मग एकदा रंगारी फाटकाला रंग लावून राहिले होते, त्यांच्याकडूनच ब्रश घेतला नि ओढली. रेघ पुन्हा वर आली की फेरा झाला."

"पण तिथेच का ओढली?"

"तिथे हात पोचला," काकू म्हणाल्या.

मी चहा तसाच ठेवला. पहिला प्लग काढला, त्याच्या भोकातून एक सरळ तार आत सोडली आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवलं. पिस्टन वर येताना तार वर उचलत येते, आणि तो टोकाला पोचला की थांबते. काकूंची रेघ काट्यापाशी आली, तरी तार चढतच होती. मी फिरवत राहिलो. चांगली चार बोटं पुढे गेल्यावर तार थांबली. तिथे चाकावर हळदकुंकवाचा आणि तेलाचा जाड थर होता. रॉकेलने खरवडला, तर खालून नखाएवढी ठोकलेली खरी खूण निघाली.

म्हणजे ठिणगी फार आधी पडत होती. वर येणाऱ्या पिस्टनला उलटं ढकलत होती, आणि त्याच्याबरोबर हँडलला. फट् त्यानेच व्हायचं. दादाचं मनगटही त्यानेच मोडलं.

काकूंना मी समजावून सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. मग मी त्यांना म्हटलं, "काकू, हे मी कुणाला सांगत नाही." कारण मी सांगितलं असतं तर ते कसं ऐकू गेलं असतं? स्वतःला वाचवायला घरातल्या बाईवर ढकलतोय, असं. आणि तार मी आधी घालून बघायला हवी होती, ते तर माझंच होतं.

"तू नको सांगू," काकू म्हणाल्या. "मलाच सांगायचं आहे. आणि तू कुठे जाऊ नको आत्ता. तुझ्या मालकांना फोन लावून दे."

भिया आले. काका आणि दादा डॉक्टरकडून परतले. सगळे मोटारखान्याच्या दारात उभे. काकूंनी फ्लायव्हीलकडे बोट दाखवून जे मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, त्याच सहजपणे. फक्त शेवटी म्हणाल्या, "ह्याला ती रेघ खूण वाटली. मी कुणाला सांगितलंच नव्हतं ती कशाची. म्हणजे हात माझ्यामुळे मोडला."

दादा म्हणाला, "आई, तू त्याला वाचवून राहिली."

"वाचवायला काय झालं? रेघ माझी आहे, म्हणून सांगते."

"मेकॅनिकने चेक करायचं असतं ना पण."

"हो," मी म्हटलं. "करायचं असतं."

भिया होडीत वाकले, तार स्वतः आत घालून चाक फिरवून बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो अब सही लगा." मी खऱ्या खुणेवर ठिणगी बसवली. हात इतके घामेजले होते की पाना दोनदा निसटला. होडीतलं इंजिन बाहेरच्या पाण्याने गार होत असतं, म्हणून पाण्याचा पिंप आणून त्यात नळी सोडली. सगळं तयार झालं आणि हँडल कुणी धरायचं हा प्रश्न आला. भिया माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो.

काकूंनी पदर खोचला. "दरवर्षी खंडेनवमीला मी फिरवते. आज पण मीच."

"अगं, वेड लागलं का?" काका म्हणाले.

"रेघ चुकली माझी, हँडल नाही चुकलं कधी."

मी त्यांना नको म्हणत होतो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. खाडीत वादळात होडी बंद पडली होती तेव्हासुद्धा नाही. तार घातली होती, खूण बघितली होती, भियांनी बघितली होती, तरी मनात एकच, आपण पुन्हा कुठेतरी चुकलो असलो तर? दादाचं प्लास्टर समोर होतं. मी पिस्टन अशा जागी आणून ठेवला की अर्धाच हिसका पुरे. काकूंनी हँडल धरलं, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून. उलटं फिरलं तर मूठ आपोआप सुटावी म्हणून तसं धरायचं, हे मामंजींनी त्यांना शिकवलं होतं. दादाला कुणीच शिकवलं नव्हतं. मीही नाही.

त्यांनी ओढलं. इंजिन चालू झालं. अडखळलं नाही, फट् झालं नाही. मी वेग वाढवला, ते चढलं. कमी केला, ते उतरून संथ धडधडत राहिलं आणि मागच्या नळीतून पाणी पडायला लागलं. काका होडीच्या काठावर हात ठेवून उभे होते, आवाज हातातून ऐकत असल्यासारखे. मी मात्र इंजिन कधी बंद करायला मिळतंय ह्याचीच वाट बघत होतो.

खंडेनवमीलाही ते तसंच चालू झालं, आणि मी वर्कशॉपमध्ये राहिलो. भियांनी गाडीत बसवायची गोष्ट पुन्हा काढली नाही, पण बरेच महिने माझं प्रत्येक टायमिंग ते स्वतः तपासत. त्यात मला वाईट वाटत नाही. दादाचं मनगट थंडीत अजून दुखतं, तो मला मास्टर म्हणत नाही, नमस्कार तेवढा करतो. मी आता कुठल्याही इंजिनाची खूण बघितली, ती कितीही ठसठशीत असली, तरी आधी तार घालतो. एकदा घालून समाधान होत नाही. पुन्हा घालतो. वर्कशॉपमधली मुलं हसतात.

मागे एकदा इंजिनाचं तेल बदलायला त्या घरी गेलो होतो, तेव्हा मी काकूंना विचारलं, होडी पाण्यात असताना कशी पळायची. त्या म्हणाल्या, मला काय माहीत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा होडी आधीच घोड्यांवर चढलेली होती. इतकी वर्षं तिला तेल पाजलं, फिरवलं, पण तिच्यात बसून पाण्यावर त्या कधी गेल्या नाहीत. कुठल्याच होडीत नाही. ओंकारेश्वरला गेल्या तेव्हाही पुलावरूनच गेल्या. मला ते फार लागलं.

काकू हे वाचतील की नाही, ठाऊक नाही. वाचलं तर हसतील, म्हणतील, काहीतरीच लिहितो हा. तरी लिहून ठेवतो. माझी स्वतःची होडी होईल तेव्हा, आणि ती मी केल्याशिवाय राहत नाही, काकूंना आमच्या खाडीवर नेईन. भरतीच्या पाण्यात, सकाळच्या वेळी. इंजिन मी चालू करीन. त्यांनी फक्त बसायचं.